उणे चौसष्ट

काटेवाले त्या दुपारी फक्त काळी चिकटपट्टी आणायला गेले होते. वायरींना गुंडाळतात ती. काम पाच मिनिटांचं. पण कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराचा वजनकाटा तपासल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. ताटलीला बोटाने हळूच दाबायचं, आकडा बघायचा आणि "दोन ग्रॅम खातोय हा," म्हणून मान हलवायची. त्यांना येताना पाहिलं की दुकानदार काट्यावर फडकं टाकत. उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला, दुसरं काय होणार! खरं नाव आईबापांनी काहीतरी ठेवलं असेलच, पण सगळी वस्ती त्यांना काटेवालेच म्हणे.

तर चिकटपट्टी घेऊन ते परतले, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडचं दार लोटलं, आणि दारातच थबकले. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मधोमध गाडी उभी होती, आणि गाडीतल्या छोट्या काचेवर लाल आकडे जळत होते. उणे चौसष्ट.

आता एवढासा आकडा बघून ते दारातच का थबकले, ते सांगतो. पण त्यासाठी आधी गाडीचं सांगायला हवं, आणि गाडीचं सांगायचं तर मॅडमचं सांगायला हवं.

मॅडम म्हणजे काटेवाल्यांची बायको. बाईंची गाडी शिकवण्याची शाळा होती. अर्ध्या शहराने त्यांच्या शिव्या खात गाडी शिकली होती. शिकणारा स्टेअरिंगवर, मॅडम शेजारी, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि तोंड अखंड सुरू. "आरसा बघ! आरसा काय भांग पाडायला दिलाय? अरे, क्लच आहे तो, झुरळ नाही, असा काय चिरडतोस!" मोठमोठे साहेबलोकसुद्धा त्यांच्यापुढे घाम पुसत बसत. आणि एके सकाळी बाई उठल्या, तर उजवं अंग हलेना. हात पुढे थोडाफार परत आला. पाय मात्र रुसला तो रुसलाच.

व्हीलचेअर आली. नातेवाईक म्हणाले, चला, आम्ही फिरवून आणतो गाडीतून. मॅडम म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसले. आता बसणार नाही. बसेन तर स्टेअरिंगवर, नाहीतर इथेच बरी." आणि खरोखरच त्या खिडकीत बसल्या. दोन वर्षं. रागावणंसुद्धा बंद झालं. ज्या घरात सकाळपासून तोफा डागल्या जायच्या त्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. काटेवाल्यांना घर नुसतं खायला उठे.

मग त्यांनी ही गाडी आणली. आणली म्हणजे काय, खोकी आणली. अशी गाडी सुट्या भागांत मिळते आणि ज्याची त्याने घरी जोडायची असते. कुणा हौशी माणसाने ती घेतली होती, सांगाडा उभा केला होता, आणि हौस फिटल्यावर अडगळ म्हणून देऊन टाकली होती. काटेवाल्यांनी ती पुन्हा बोल्ट न् बोल्ट सोडवली आणि पहिल्यापासून जोडायला घेतली. दोन माणसांची, बुटकी, हिरवी गाडी. वर दोन गोल दिवे. मॅडमनी खिडकीतून पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी तोंड उघडलं. "हा बेडूक उडी कधी मारणार?" बस. काटेवाल्यांनी त्या दिवशी ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, पण हा बेडूक रस्त्यावर नेईनच.

गाडीचं डोकं केलं मॅडमच्या धाकट्या भावाने. लिफ्टची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि एखादा तरी फ्यूज उडवल्याशिवाय त्याचं काम पार पडत नसे, म्हणून त्याचं नाव फ्यूज. पण हात सोन्याचा हो! पायाने करायचं सगळं त्याने डाव्या हाताच्या एका दांड्यावर आणलं. दांडा ओढला की गाडी चालणार, ढकलला की थांबणार. दार बटणावर उघडणार. सीट बाहेर सरकून वळणार आणि बाईंना व्हीलचेअरवरून उचलून घेतल्यासारखं आत नेणार. समोर काही आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक लावणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालवणाऱ्याची सीट वजन ओळखणार. सीटवर माणूस नसेल तर गाडी जागची हलणार नाही. त्यासाठी सीटखाली वजनाचे चार सेन्सर बसवले ते अर्थातच काटेवाल्यांनी, स्वतःच्या ठेवणीतले. शिवाय आकडा दिसायला डॅशबोर्डवर काच.

"तो आकडा आधी झाका," मॅडम म्हणाल्या. "बाईमाणसाचं वजन काय चव्हाट्यावर मांडता?"

घरात पुन्हा भांडणं सुरू झाली होती. काटेवाल्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मात्र मॅडमनी एक अट घातली होती, आणि ती गंमत म्हणून नव्हती. "गाडीच्या सरकारी तपासणीला साहेब येईल तेव्हा मी एकटी बसणार. एकटी फेरी मारून आले, तर माझी शाळा पुन्हा उघडणार. नाही जमलं, तर बेडूक विका, आणि परत माझ्यासमोर गाडीचं नाव काढू नका." काटेवाले संसाराला मुरलेले होते. बायकोचा कुठला शब्द हवेतला आणि कुठला दगडावरचा, हे त्यांना कळत होतं. जमलं नाही तर ती पुन्हा खिडकीत बसणार, आणि या वेळी उठणार नाही. एवढं सगळं त्या बेडकावर होतं.

आता त्या आकड्याकडे या. काटेवाल्यांच्या धंद्याचा एक शिरस्ता असतो. काटा जोडला की आधी शून्य करायचा. कोऱ्या काट्यावर काहीही आकडा उमटतो, तो वाचायचा नसतो. बटण दाबायचं, शून्य आणायचं, मग पुढचं बोलायचं. सीट बसवली त्या दिवशीही तेच झालं. सीट फ्यूजने भंगारवाल्याकडून आणली होती, मोटर असलेली, भारी, गुबगुबीत. वायरी जोडल्या, काच पेटली, आणि फ्यूज म्हणाला, "भावजी, चौऱ्याऐंशी दाखवतंय. सीट एवढी जड?"

"शून्याआधीचा आकडा हा आकडाच नसतो, किती वेळा सांगू?" असं म्हणून काटेवाल्यांनी बटण दाबलं. शून्य आलं.

मॅडम पहिल्यांदा बसल्या तेव्हा बरोबर अठ्ठावन्न आले. "मी छप्पनची आहे, काटा खोटा आहे," म्हणून थोडा वाद झाला, तेवढाच. नंतर त्या मागे टेकल्या, डोळे मिटले आणि खुशीत म्हणाल्या, "फ्यूज, पाठीला काय छान ऊब लागते रे! हीटर बसवलास होय? गुणाचा रे माझा भाऊ."

फ्यूजने हीटर बसवला नव्हता. पण शाबासकी कोण परत करतं? तो नुसता हसला. तेव्हापासून मॅडम रोज संध्याकाळी अर्धा तास त्या सीटवर बसून दांडा ओढायचा-ढकलायचा सराव करत, आणि उतरताना म्हणत, "उठवतच नाही बाई इथून."

असं सगळं झकास चाललेलं. तपासणी उद्यावर आलेली. आणि रिकाम्या शेडमध्ये, रिकाम्या सीटसमोर, काचेवर उणे चौसष्ट.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काटा बिघडला. पण हे उणे काटेवाले रोज बघत होते. भाजीवाली टोपली ठेवून शून्य करते, टोपली उचलली की काटा टोपलीएवढा उणे दाखवतो, आणि ती धावत येते, "अहो, माझा काटा उलटा चालायला लागला!" दर वेळी तिला ते एकच वाक्य सांगत. "उलटा नाही चालत, बाई. शून्य करताना वर काहीतरी होतं, ते आता उठलंय."

ते वाक्य त्यांना आत्ता आठवलं. दुपारच्या उन्हाने पत्रे तडतडत होते, आणि शेडमध्ये एक वास होता. काचा लावून खूप दिवस उन्हात ठेवलेल्या गाडीत असतो ना, तसा. कोंडलेला, गरम.

तेवढ्यात मागच्या दाराने फ्यूज आला, हातात चहाचे पेले. "काय झालं भावजी? चेहरा का असा?"

काटेवाल्यांनी बोट दाखवलं.

"मायनस? उन्हाने सरकलं असेल."

"माझे सेन्सर सरकत नाहीत." ते गुरगुरले. कोपऱ्यातली काटे तपासायची लोखंडी वजनं त्यांनी एक एक करून सीटवर रचायला घेतली. वीस ठेवलं, उणे चव्वेचाळीस. आणखी वीस, उणे चोवीस. चुकत नव्हता काटा, ग्रॅमभरही नाही. शेवटचं चार किलोचं ठेवलं आणि शून्य आलं. दोघं त्या लोखंडाच्या ढिगाकडे बघत राहिले. एक माणूस बसल्यावर जेवढा भार होतो, तेवढा होता.

"फ्यूज," काटेवाले हलकेच म्हणाले, "ही सीट तू भंगारवाल्याकडून कशी आणलीस?"

"खांद्यावर टाकून. जड कुठे आहे, वीसेक किलो..." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. चौऱ्याऐंशीतून वीस वजा करायला लिफ्टवाल्याला काही कागद लागत नाही.

त्याने तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. ती सीट कुठल्या गाडीची होती, विचारलं. भंगारवाला पलीकडून एवढंच म्हणाला, "गाडी नव्हती हो. सकाळी उघडायला आलो तर फाटकाशी नुसती सीट ठेवलेली होती. का? चालत नाही का?"

"चालते," फ्यूज म्हणाला आणि फोन ठेवला.

"म्हणजे शून्य केलं तेव्हा..." काटेवाले म्हणाले.

"हं."

"आणि ताई रोज..."

"बोलू नका भावजी. हात जोडतो, पुढे बोलू नका." फ्यूजने पेले वर्कबेंचवर ठेवले; चहा अर्धा सांडला होता. "पण मग... ते आत्ता कुठे आहे?"

दोघांनी शेड बघितली. चार भिंती, काटे, साखळ्या, वायरींची भेंडोळी. कुठे काही हललं नाही.

आणि बाहेरच्या उतारावर व्हीलचेअरची चाकं वाजली.

घरातून शेडकडे येणारा तो सिमेंटचा उतार. एका हाताने मॅडमना तो कधीच चढता आला नव्हता. कुणीतरी मागून ढकलावं लागे. चाकं एका लयीत, न अडखळता वर आली. दारात मॅडम दिसल्या. मागे न बघताच त्यांनी हात वर केला. "बस, बस, पोचले. सोड आता, फ्यूज." मग समोर बघितलं. समोर फ्यूज उभा होता. शेजारी नवरा.

"अगंबाई," मॅडम म्हणाल्या. "मग मागे कोण आहे?"

मागे कोणी नव्हतं. उन्हाचा पट्टा होता आणि रिकामा उतार.

काटेवाल्यांनी कसंबसं पुढे होऊन सीटवरची लोखंडी वजनं भराभर उतरवली. का उतरवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बसायला जागा करून द्यावी, तसं काहीतरी. काचेवर पुन्हा उणे चौसष्ट उमटलं. आणि मग सीटच्या गादीतून हळूच हवा सुटली... फुस्स... थकलेला माणूस बसताना सोडतो तशी. आकडे पळाले. उणे चाळीस. उणे नऊ. शून्य.

फ्यूज वर्कबेंचखाली होता. कधी गेला, कळलं नाही.

काटेवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, तिने नवऱ्याच्या थापा आयुष्यभर पहिल्या गिअरमध्येच पकडल्या होत्या. मॅडम ऐकत होत्या, आणि आपण रोज मागे टेकून ऊब घेत होतो ती कशाची, हे लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. काटेवाले म्हणाले, "सीट काढतो. आत्ताच्या आत्ता. लांब नेऊन टाकतो."

"आणि उद्या?"

काटेवाल्यांनी उचललेला पाना परत खाली ठेवला.

"दुसरी सीट, तिची मोटर, सेन्सर, उद्या सकाळपर्यंत होईल?"

"नाही होणार," वर्कबेंचखालून फ्यूज म्हणाला.

"तपासणी पुढे ढकलली तर तुम्ही दोघं मला पुन्हा या गाडीत बसू द्याल?"

याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. काटेवाल्यांचे डोळे भरून आले. "अगं, पण मला तुझ्यासाठी भीती वाटते गं..." एवढंच ते म्हणाले.

मॅडम त्या सीटकडे बघत होत्या. मग एकदम त्यांची मान ताठ झाली. वर्गात उशिरा आलेल्याला झापताना व्हायची तशी.

"ए," त्या म्हणाल्या. "कोण आहेस माहीत नाही. पण शिकायला आला असशील, तर माझ्या गाडीचा नियम ऐक. एका सीटवर एकच. ही गाडी मी चालवणार. तुला बसायचं तर शेजारी बस. ऊठ."

शेडमध्ये एवढी शांतता झाली की दिव्याची गुणगुण ऐकू आली. काचेवर शून्य होतं. शून्यच होतं. मग उणे चौसष्ट.

गाडी किंचित डावीकडे कलली, पुन्हा सावरली. आणि शेजारच्या सीटचा भोंगा वाजायला लागला. पीं, पीं, पीं. त्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजावा, अशी फ्यूजने सोय केली होती.

"पट्टा," मॅडम म्हणाल्या. "पट्टा कोण लावणार? तुझा बाप?"

पीं, पीं...

खट्.

भोंगा थांबला. काटेवाल्यांनी तिकडे पाहिलं नाही. फ्यूजने तर दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. पण एवढ्या धांदलीतही काटेवाल्यांचा हात आपसूक पुढे गेला, आणि त्यांनी बटण दाबून काटा नव्याने शून्य केला. या वेळी आधी आकडा वाचून, सीट हाताने चाचपून, आणि मोठ्याने विचारून. "कोणी नाही ना इथे?"

मॅडम खो खो हसायला लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसू ऐकून काटेवाल्यांची अर्धी भीती पळाली. अर्धी राहिली, पण ती ते गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचे साहेब आले. सडपातळ माणूस, काळा चष्मा, हातात कागदांची पाटी. बेडकाला चारी बाजूंनी टिचक्या मारून बघितलं. दिवे बघितले, दांडा ओढून बघितला, समोर पुठ्ठा धरून गाडी आपणहून थांबते का ते बघितलं. "छान जोडलीये," म्हणाले. सीट बाहेर सरकली, वळली, मॅडमना घेऊन आत गेली. आकडा अठ्ठावन्न. "छप्पन," मॅडम पुटपुटल्या.

"एकट्याने चौकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं," साहेब म्हणाले. "वाटेत कुणाची मदत नाही."

बेडूक निघाला. काटेवाले रस्त्याच्या कडेला रिकामी व्हीलचेअर ठेवून उभे होते, फ्यूज नखं खात होता. गाडी लहान होत गेली, चौकात अगदी अलगद वळली. तेवढ्यात एक हातगाडी आडवी आली, पण बेडूक जागच्या जागी थांबला, हातगाडीला जाऊ दिलं, आणि हॉर्न वाजवून ऐटीत परत आला. मॅडमचा चेहरा असा फुलला होता की काटेवाल्यांना त्यांची लग्नातली बायको दिसली.

साहेबांनी मान हलवली. "नाही चालणार."

"का?" फ्यूज किंचाळला.

"एकट्याने, म्हटलं होतं मी. शेजारी माणूस बसवून फेरी मारली. ते गृहस्थ चौकात हात लांबवून काहीतरी दाखवत पण होते." साहेब पाटीवर मान खाली घालून लिहायला लागले. "त्यांना उतरवा आणि परत मारा फेरी. नाहीतर नापास."

काटेवाले धावत गाडीच्या दाराशी गेले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी समोर बघत, ओठ फारसे न हलवता, शेजारी म्हटलं, "ऐकलंस ना? परीक्षा माझी आहे. उतर, राजा."

क्षणभर काही नाही. मग पट्टा सर्रकन मागे गेला. मॅडमनी बटण दाबलं, शेजारचं दार उघडलं. बेडकाची ती बाजू बोटभर वर उचलली गेली. काटेवाले दाराशीच उभे होते. त्यांच्या गालाला गरम हवा चाटून गेली, आणि तो वास, काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचा.

"उतरले?" मान वर न करता साहेबांनी विचारलं.

"उतरले," काटेवाले म्हणाले.

दुसरी फेरी मॅडमनी खरोखर एकटीने मारली. वळणावर दांडा जरा जास्त ढकलला गेला, गाडी आचका देऊन थांबली. त्यांनी तोंडाने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, त्या इथपर्यंत ऐकू आल्या. आणि मग नीट, सरळ, स्वतःच्या हाताने गाडी घरासमोर आणून लावली. साहेबांनी पास लिहिलं, चष्मा वर करून एकदा इकडेतिकडे बघितलं, "ते गेले वाटतं," म्हणाले आणि निघून गेले.

मग काय विचारता! फ्यूज बोनेटवर ताल धरून नाचत होता. मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. "शाळेची पाटी रंगवायला टाका. त्या सगळ्या साहेबांना फोन करा, म्हणावं बाई परत आलीये, आरसे पुसून ठेवा. आणि अहो, असे बघत काय राहिलात, व्हीलचेअर आणा. मला पहिला चहा हवाय."

काटेवाले डोळे पुसत व्हीलचेअरकडे गेले. मुठी धरल्या आणि ढकललं.

व्हीलचेअर हलली नाही.

ब्रेक लागला असेल म्हणून त्यांनी वाकून बघितलं. ब्रेक सुटा होता. बसायची उशी मात्र मधोमध खोल दबलेली होती. मुठी उन्हात नसूनही गरम होत्या. त्यांनी जोर लावला, तेव्हा चाकं सावकाश फिरायला लागली, भरल्या व्हीलचेअरची फिरतात तशी.

चौसष्ट असतं, तर त्यांनी ते एक वेळ सोसलं असतं. चौसष्टाची त्यांना ओळख झाली होती. ऊठ म्हटलं की उठत होतं, बस म्हटलं की बसत होतं. पण हाताला वजन कळत नाही असा काटेवाला नसतो. दोन पावलं ढकलली आणि त्यांना कळलं की हे चौसष्ट नाही. चौसष्ट आहे, आणि त्याच्या मांडीवर आणखी दहा-बारा किलो. एखादं दोन वर्षांचं मूल असतं तेवढं. उतर म्हटल्यावर गेलेलं ते, येताना कुणाला तरी घेऊन आलं होतं.

समोर बेडकाचं दार उघडलं. सीट बाहेर सरकली, वळली, आणि मॅडम दोन्ही हात पुढे करून हसत म्हणाल्या, "आणा ना हो लवकर! किती वेळ?"